वल्ह्याला साखळी नव्हती

प्राचीन ग्रीक युद्धनौकांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या चाकोरीतून जातो. एक बाजू चित्रपटात पाहिलेले दृश्य पुढे करते: जहाजाचा अंधारा तळ, साखळदंडात जखडलेले गुलाम, ढोल बडवणारा मुकादम, पाठीवर चाबूक. दुसरी बाजू तेवढ्याच आवेशाने सांगते की अथेन्सच्या जहाजांवर वल्ही मारणारे सगळे स्वतंत्र नागरिक होते आणि लोकशाही त्यांच्याच खांद्यांवर उभी राहिली. मग एकजण एक दाखला काढतो, दुसरा दुसरा काढतो, आणि गुलाम की नागरिक एवढ्याच प्रश्नाभोवती सगळे फिरत राहतात. हा प्रश्नच अपुरा आहे. अथेन्सचे आरमार नागरिक, परदेशी आणि गुलाम अशा सरमिसळ माणसांवर चालत होते. त्यांना जहाजावर टिकवून ठेवणाऱ्या गोष्टी तीन: पगार, सराव आणि वेळेवर मिळणारे अन्नपाणी. साखळीला यात जागाच नाही. आणि भाला-ढाल घेऊन डेकवर बसलेल्या ज्या सैनिकांची चित्रे आपण कौतुकाने पाहतो, त्यांच्यापेक्षा खाली वल्हे ओढणारा माणूस हेच त्या जहाजाचे खरे हत्यार होते.

आधी माणसे मोजू. इ.स.पू. ५व्या शतकातल्या अथेनियन ट्रायरीमवर, म्हणजे तीन ओळींत वल्ही असलेल्या युद्धनौकेवर, सुमारे २०० जण असत. त्यांतले १७० वल्हेकरी: वरच्या ओळीत ६२, मधल्या ओळीत ५४ आणि तळाला ५४. उरलेल्या ३० जणांत १० हॉप्लाइट (ढाल-भाला घेतलेले जड पायदळी सैनिक), ४ तिरंदाज आणि १६ जणांचा जाणकार ताफा. या ताफ्यात सुकाण्या, नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, पाणी पाहणारा टेहळ्या, वल्ह्यांना ताल देणारा, पाव्यावर तो ताल धरणारा, सुतार, हिशेब आणि पुरवठा बघणारा, आणि शीड-दोर सांभाळणारे खलाशी. म्हणजे हत्यारबंद माणसे फक्त १४. आता साखळीवाल्यांनी एक साधी गोष्ट सांगावी. जहाजाची लांबी जेमतेम ३५ मीटर, आत झोपायला जागा नाही, चूल पेटवायला जागा नाही, पिण्याचे पाणी एका दिवसाहून फारसे अधिक मावत नाही. त्यामुळे जमेल तेव्हा रोज संध्याकाळी जहाज किनाऱ्याला लावून सगळ्यांनी उतरायचे, रांधायचे, वाळूवर झोपायचे आणि पहाटे पुन्हा जागेवर बसायचे. परक्या किनाऱ्यावर रोज रात्री १७० कैद्यांच्या बेड्या काढायच्या आणि १४ जणांनी त्यांच्यावर पहारा करायचा, हे कोणत्या सेनापतीला परवडले असते?

वल्हेकऱ्याचे स्वतःचे सामान काय, तेही बघण्यासारखे आहे. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धात, इ.स.पू. ४२९ मध्ये, स्पार्टाच्या बाजूच्या सेनापतींनी अथेन्सच्या पिरेयस बंदरावर अचानक छापा घालायचा बेत केला. जहाजे मेगाराच्या बंदरात होती आणि माणसे कोरिंथजवळ. त्या युद्धाचा इतिहासकार थुसिडिडीझ सांगतो की प्रत्येक खलाशाने आपले वल्हे, बसायची उशी आणि वल्हे अडकवायचा चामडी पट्टा उचलला आणि ते पायी मेगाराकडे निघाले. किमती वस्तू वल्हे. पण या वर्णनात माणूस दिसतो तो उशीत. दिवसभर फळीवर बसून ओढीबरोबर अंग पुढेमागे करायचे तर खाली उशी हवीच, नाहीतर दोन दिवसांत कातडी सोलून निघते. पट्टा वल्ह्याला खुंटीशी धरून ठेवतो. तो सैल झाला तर वल्हे सरकते आणि घट्ट बसला तर फिरत नाही, म्हणून तो ज्याचा त्याने जमवून घ्यायचा. अशी माणसे खांद्यावर वल्हे आणि काखेत उशी घेऊन, कोणी न हाकता, एका समुद्रावरून दुसऱ्या समुद्राकडे चालत गेली.

मग साखळीचे चित्र आले कुठून? ते खोटे नाही, त्याचा काळ वेगळा आहे. १६व्या शतकाच्या मध्यावर भूमध्य समुद्रातल्या गॅलींची, म्हणजे वल्ह्यांवर चालणाऱ्या युद्धनौकांची, वल्ही बदलली. त्याआधी एका माणसाला एक वल्हे असे. मग एकाच मोठ्या वल्ह्याला चार-पाच माणसे लावायची पद्धत आली. पाचांतल्या एकाला कसब असले की पुरते, बाकीच्यांनी फक्त ओढायचे. मग ओढायला कैदीही चालतो आणि युद्धात पकडलेला गुलामही. व्हेनिसने कैद्यांनी वल्हवलेली पहिली गॅली १५४५ मध्ये आणली. त्याआधी शतकानुशतके तिथे पगारी माणसे वल्ही मारत होती. १५७१ च्या लेपांतोच्या लढाईत तुर्की गॅलींमधून हजारो ख्रिस्ती गुलाम सुटले. ट्रायरीमवर मात्र एक माणूस, एक वल्हे. तीन ओळींतली १७० वल्ही हातभर अंतराने पाण्यात पडतात. तळाचा माणूस बाहेरचे पाणी नीट बघूही शकत नाही. एकाने चुकीच्या क्षणी वल्हे बुडवले की शेजारच्याचे अडकते आणि बाजूच्या दहांची लय मोडते. १९८७ मध्ये ग्रीसमध्ये ‘ऑलिम्पियास’ नावाची पूर्ण आकाराची ट्रायरीम बांधून पाण्यात उतरवली, तेव्हा हौशी पण धडधाकट वल्हेकऱ्यांनाही आधी हेच शिकावे लागले. थोड्या वेळापुरता त्यांनी ९ नॉटच्या आसपास वेग गाठला. पण ताल देणाऱ्याचा आवाज जहाजभर पोचत नाही, आणि उन्हात वल्हवताना प्रत्येकाला तासाला सुमारे लिटरभर पाणी लागते, हेही तिथेच कळले. १७० लिटर तासाला. पाण्याचा हा हिशेब पुढे पुन्हा येईल.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. ग्रीक जहाजांवर गुलाम वल्हेकरी होते, आणि थोडेथोडके नव्हते. इ.स.पू. ४३३ मध्ये सिबोटाच्या लढाईत कोरिंथने कॉर्किरा बेटाचे जे लोक पकडले, त्यांत ८०० गुलाम आणि २५० नागरिक होते. अथेन्समध्ये सापडलेल्या ५व्या शतकाच्या अखेरच्या एका मोठ्या शिलालेखात अनेक ट्रायरीमवरच्या माणसांची नावे आहेत: त्रिएरार्क (जहाजाचा कप्तान आणि खर्च उचलणारा), सैनिक, तिरंदाज, नागरिक खलाशी, परदेशी खलाशी आणि शेवटी मालकांच्या नावासह गुलाम. म्हणजे ‘एकही गुलाम नव्हता’ हे म्हणणे दगडावर कोरलेल्या पुराव्याने खोटे ठरते. ते सोडून द्यायला हवे, आणि मनापासून सोडून द्यायला हवे. लोकशाहीच्या प्रेमापोटी इतिहासातून माणसे वगळणे हा त्या माणसांवर दुसरा अन्याय आहे.

पण तोच शिलालेख साखळीच्याही विरोधात साक्ष देतो. त्यात काही गुलामांचे मालक त्याच जहाजावर आहेत. मालक आणि गुलाम एकाच जहाजावर, एकाच धोक्यात, एकाच सेवेत. तत्कालीन अथेन्सवर टीका करणारा, लोकशाहीचा उघड विरोधक असलेला एक अनामिक लेखक तक्रारीच्या सुरात सांगतो की परगावच्या मालमत्तेपायी सतत समुद्रप्रवास करावा लागल्याने अथेनियन माणूस आणि त्याचा गुलाम दोघेही नकळत वल्हे मारायला शिकतात. गुलामगिरी यामुळे सौम्य ठरत नाही. बहुधा त्या गुलामाचा पगार मालकाच्याच खिशात जात असे. तरीही जहाजावरचे त्याचे काम हे शिकलेल्या माणसाचे काम होते, आणि राज्याला त्याची खरी निकड भासली तेव्हा राज्याने साखळी पुढे केली नाही. इ.स.पू. ४०६ मध्ये मितिलिनीला वेढलेले आरमार सोडवायला अथेन्सने ३० दिवसांत ११० जहाजांवर माणसे भरली, लढण्याच्या वयाचे सगळे, स्वतंत्र आणि गुलाम, घोडदळातले श्रीमंतसुद्धा. अर्गिनुसाईची ती लढाई जिंकल्यावर त्या गुलामांना स्वातंत्र्य मिळाले.

यापेक्षाही निर्णायक पुरावा इ.स.पू. ४२५ चा आहे. पायलॉसला अडकलेल्या अथेनियन सेनापती डेमोस्थेनिसकडे हत्यारे नव्हती, तेव्हा त्याने आपल्या वल्हेकऱ्यांनाच बहुतांशी वेताच्या हलक्या ढाली देऊन तटावर उभे केले. नंतर स्फाक्टेरिया बेटावर उतरताना सत्तरहून अधिक जहाजांवरचे सगळे वल्हेकरी, फक्त तळाच्या ओळीचे सोडून, जमेल ती हत्यारे घेऊन किनाऱ्यावर उतरले. स्पार्टाचे अजिंक्य मानलेले हॉप्लाइट त्या दिवशी दगड, बाण आणि भालाफेकीने थकून शरण आले. जो माणूस उद्या तुमच्यावर उलटेल अशी भीती असते, त्याच्या हाती तुम्ही गोफण देता का?

दुसरा आक्षेप हत्यारांचा आहे आणि तोही हलका नाही. लढाई शेवटी डेकवरचे सैनिकच जिंकतात, असे म्हणणाऱ्यांकडे दाखले आहेत. इ.स.पू. ४९४ मध्ये लाडेच्या लढाईत कायोसच्या १०० जहाजांवर प्रत्येकी ४० निवडक सैनिक होते. ग्रीसवर चालून आलेल्या इराणी सम्राट झर्क्सीसच्या प्रत्येक जहाजावर स्थानिक सैनिकांखेरीज ३० इराणी, मीड किंवा शक होते. सिबोटाला दोन्ही बाजूंनी डेक हॉप्लाइट आणि तिरंदाजांनी भरले होते; थुसिडिडीझच्या शब्दांत ती जुन्या पद्धतीची, जमिनीवरच्यासारखी लढाई झाली. प्लेटोने तर याहून कडवे म्हटले: आरमारी लढाईने माणूस भित्रा होतो, किनाऱ्यावर उडी मारून परत जहाजाकडे पळायची सवय लागते, आणि ग्रीकांना तारले ते मॅरेथॉन आणि प्लॅटियाच्या जमिनीवरच्या लढायांनी, सलामिसच्या आरमारी लढाईने नाही.

डेकवरचे सैनिक बिनकामाचे होते असे कोणीच म्हणू नये. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याच्या नावाचा जो ठराव ट्रोइझेनच्या शिळेवर सापडला, त्यात प्रत्येक जहाजाला २० ते ३० वयाचे १० सैनिक आणि ४ तिरंदाज नेमलेले आहेत. शिळा दोनशे वर्षांनंतरची आहे आणि तिच्या खरेपणावर अभ्यासकांत वाद आहे, पण दहाचा आकडा इतरत्रही जुळतो: इ.स.पू. ४२६ मध्ये डेमोस्थेनिसने ३० जहाजांवरचे ३०० सैनिक इटोलियाच्या डोंगरात नेले आणि त्यांतले १२० गमावले. थुसिडिडीझ त्यांना या युद्धात अथेन्सने गमावलेली सर्वोत्तम माणसे म्हणतो. ही भरती बहुतेक खालच्या आर्थिक वर्गातून होई. ४१५ च्या सिसिली मोहिमेतले ७०० नौसैनिक थीट वर्गातले, म्हणजे ज्यांना स्वतःची ढाल-चिलखत परवडत नसे असे होते. ४१२ पर्यंत माणसांची इतकी चणचण झाली की हॉप्लाइटांच्या यादीतल्या लोकांना सक्तीने जहाजावर चढवावे लागले.

पण अथेन्सने हा आकडा दहावरच का ठेवला? उत्तर जहाजाच्या बांधणीत आहे. ट्रायरीम अरुंद, हलकी आणि वरून जड होणारी. ढाल एकटीच ६–७ किलोची. डेकवर चाळीस चिलखती माणसे उभी राहिली आणि एका बाजूला सरकली की जहाज कलते. मग त्या बाजूची वल्ही खोल जातात, दुसऱ्या बाजूची हवेत फिरतात, आणि वेग मरतो. म्हणून सराईत नौसैनिक बसून भाला फेकायला शिकत. त्या सिसिली मोहिमेत सिरॅक्यूज शहराच्या बंदरात अथेन्सने ऐन वेळी अकार्नेनियाचे भालाफेके डेकवर गच्च भरले. तेव्हा समोरच्या सेनापतीने आपल्या माणसांना हेच सांगितले: जमिनीवरची ही माणसे बसून भाला कसा फेकायचा हेही जाणत नाहीत, ती आपल्याच जहाजांना डोलवतील. सिरॅक्यूजवाल्यांनी आणखी तयारी केली होती. नाळेच्या दोन्ही बाजूंचे तुळईचे खांदे जाड करून आतून टेकू दिले, म्हणजे समोरासमोर धडक मारता यावी. अथेनियन लोखंडी आकडे टाकतील हे कळल्यावर नाळेला कातडी लावली, म्हणजे आकडा घसरावा. आणि छोट्या होड्या थेट वल्ह्यांखाली घुसवून वल्हेकऱ्यांवर भाले फेकले. नेम कुठे धरला, याकडे लक्ष द्यावे: मारायचे ते वल्हेकऱ्याला. चौथ्या शतकातल्या अथेन्सच्या गोदीच्या याद्यांत जहाजाच्या सामानात केसांचे आणि पांढऱ्या कापडाचे पडदे नोंदलेले आहेत, ते दोन्ही अंगांना बांधून आतल्या वल्हेकऱ्यांना बाणांपासून झाकण्यासाठी.

उलट बाजू बघायची तर इ.स.पू. ४२९ ची अथेनियन सेनापती फॉर्मिओची लढाई. त्याच्याकडे २० जहाजे, समोर ४७, आणि त्यांतली बरीच सैनिक वाहून नेण्यासाठी भरलेली. शत्रूने नाळा बाहेर ठेवून वर्तुळ केले. फॉर्मिओने एकामागे एक जहाजे लावून त्यांच्याभोवती फेऱ्या मारल्या, चाटून जाईल इतक्या जवळून, आणि पहाटे आखातातून सुटणाऱ्या वाऱ्याची वाट पाहिली. वारा आला तशी वर्तुळातली जहाजे एकमेकांवर आदळू लागली. माणसे लांब काठ्यांनी शेजारचे जहाज ढकलू लागली, आरडाओरडीत ताल देणाऱ्याचा आवाज बुडाला, आणि खवळलेल्या पाण्यातून वल्हे स्वच्छ उचलता न आल्याने जहाजे सुकाणूला दाद देईनात. तेव्हा त्याने इशारा दिला. बारा जहाजे पकडली गेली. इथे भाल्याने काय केले? धडक मारण्याचा सगळा खेळ वल्ह्यांचा आहे. वेग कमी पडला तर समोरचा निसटतो. जास्त झाला तर नाळेचे काशाचे धडकटोक त्याच्या अंगात रुतून बसते आणि मग त्याचे सैनिक तुमच्या डेकवर. धडक बसताच १७० जणांनी एकाच दमात उलटे वल्हवून जहाज मागे ओढायचे असते. लढाईच्या गोंधळात शिस्त आणि शांतता राखा, असे फॉर्मिओने पुढच्या लढाईआधी आपल्या माणसांना सांगितले ते यासाठीच.

२३ वर्षांनी हेच चित्र उलटे झाले, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. अर्गिनुसाईला घाईने भरलेल्या अथेनियन जहाजांचे वल्हवणे कच्चे होते. त्यामुळे शत्रूने फटीतून घुसून मागून धडक मारू नये म्हणून अथेन्सने दुहेरी रांग लावली. एकेरी रांग लावायची हिंमत स्पार्टाच्या आरमाराने केली, कारण आता त्यांचे वल्हेकरी सरस होते. ते सरस झाले कसे? उत्तर पगारात आहे.

हा वाद खरे तर ग्रीकांनी स्वतःच घालून ठेवला आहे, आणि आपल्यापेक्षा चांगला घातला आहे. युद्धापूर्वी, ४३२ मध्ये, स्पार्टाच्या बाजूच्या कोरिंथचे वकील म्हणाले की अथेन्सची ताकद स्वतःची नाही, विकत घेतलेली आहे. आपण जास्त पगार देऊन त्यांचे परदेशी खलाशी फोडू. अथेन्सचा नेता पेरिक्लीस याने उत्तर दिले की आमचे सुकाणू धरणारे आणि जाणकार आमचेच नागरिक आहेत, संख्येने आणि गुणाने सरस; आणि चार दिवसांच्या जास्त पैशासाठी कोणता परदेशी आपले गाव कायमचे तोडून घेईल? दोघांचे म्हणणे पगाराभोवती फिरते, साखळीचा उल्लेखही कोणी करत नाही. (मराठीत ‘आरमार’ आणि ‘पगार’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले, समुद्रावर या दोन गोष्टी जोडीनेच फिरतात असे दिसते.) हिशेबही साधा होता. सिसिलीतल्या सेगेस्टाच्या लोकांनी ४१५ मध्ये ६० जहाजांच्या एका महिन्यासाठी ६० टॅलेंट चांदी आणली. एका टॅलेंटचे ६,००० द्राख्मा. २०० माणसे, ३० दिवस. म्हणजे माणशी रोज एक द्राख्मा. अथेन्स एरवी निम्माच, म्हणजे तीन ओबोल देत असे आणि काही थकवूनही ठेवत असे. अथेनियन नेता अल्किबियाडीसने इराणी क्षत्रपाला याचे कारण समजावले होते: हातात जास्त पैसा आला की माणूस तब्येत बिघडवतो, आणि थकबाकी अडकली असली की पळून जात नाही.

पेरिक्लीस पंचवीस वर्षे बरोबर ठरला. मग कोरिंथवाले बरोबर ठरले. ४०७ मध्ये स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडर याने इराणी राजपुत्र सायरसकडून खलाशांचा रोज तीनवरून चार ओबोल करून घेतला, मागची बाकी आणि महिन्याची उचलही मिळवली. एका ओबोलने युद्धाचा तोल हलला. दोन वर्षांनी इगॉस्पोटामीला अथेनियन जहाजे उघड्या किनाऱ्यावर लावलेली होती, जवळ बाजार नव्हता, माणसे अन्न शोधत दूर पांगली होती. लायसँडरने जवळजवळ सगळे आरमार वाळूवरच उचलले. आधी सिरॅक्यूजहून अथेनियन सेनापती नीकियासने घरी पाठवलेल्या पत्रातही हेच दुखणे आहे. जहाजे वर ओढून वाळवता येत नाहीत म्हणून लाकूड कुजले, पाणी, लाकूडफाटा आणायला गेलेली माणसे शत्रूचे घोडेस्वार कापतात, गुलाम पळतात, पगाराच्या आशेने आलेले परदेशी निघून जातात, आणि काहींनी त्रिएरार्कांना पटवून सिसिलीतल्या हिक्कारा गावचे विकत घेतलेले गुलाम आपल्या जागी बसवले, त्यामुळे आरमाराची घडी मोडली. शेवटी तो लिहितो की वल्हेकऱ्यांचा ताफा ऐन भरात थोडाच काळ असतो, आणि जहाज चालू करून ताल टिकवणारे खलाशी मोजकेच असतात. गुलाम आहेत ही त्याची तक्रार नाही. शिकलेल्या माणसाच्या जागी न शिकलेला बसवला, ही आहे.

नागरिकांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. वल्हेकऱ्याशिवाय अथेन्सच्या गरिबाला सभेत आवाज मिळाला नसता. तो लोकशाहीविरोधी अनामिक लेखकही कबूल करतो की जहाजे चालवणारे लोकच शहराला ताकद देतात, म्हणून त्यांना जास्त हक्क मिळणे रास्त आहे. ‘पारालोस’ या सरकारी ट्रायरीमवर सगळे अथेनियन नागरिक असत, आणि ४११ मध्ये मूठभर श्रीमंतांनी सत्ता बळकावली तेव्हा त्यांच्याविरुद्ध आधी उभे राहिलेल्यांत हे खलाशी होते. पण त्या हक्काला जोडून आलेला पैसा मित्रराज्यांच्या खंडणीचा होता, आणि शेजारच्या फळीवर बसलेल्या परदेश्याला किंवा गुलामाला त्यातला हक्क मिळत नव्हता. हे न सांगता लोकशाहीचे गोडवे गाणे म्हणजे अर्धेच जहाज दाखवणे.

तो बाजार किती खरा होता हे इ.स.पू. ३६२ मध्ये अपोलोडोरस नावाच्या त्रिएरार्काला कळले. त्याचा बाप पेढीवाला, आणि कधीकाळी स्वतः गुलाम. अथेन्सच्या गावांनी यादीप्रमाणे पाठवलेले खलाशी थोडे आणि निकामी आले, म्हणून याने जमीन गहाण टाकली, उचल आणि बक्षिसे दिली आणि मिळतील ते सर्वोत्तम वल्हेकरी घेतले. मोहीम लांबली, सेनापतीकडून पगार येईना. इतरांच्या जहाजांवरची यादीतली माणसे सुखरूप घरी नेले जाईल या आशेने जागेवर बसून राहिली. याची माणसे आपल्या हातातल्या कसबावर भरवसा ठेवून, जास्त पैसे देणाऱ्याच्या जहाजावर निघून गेली.